सुपेर्गाच्या टेकडीवर संपलेला मोसम
इटलीतील 1948–49 चा फुटबॉल मोसम आणि तोरिनो संघाची कथा

उत्तर इटलीतील तुरीन हे शहर आमच्या वाचकांस दोन कारणांनी ठाऊक आहे. प्रभूचे पवित्र शववस्त्र तेथील कथीड्रलात जपून ठेवलेले आहे, आणि संत जॉन बॉस्को ह्यांनी रस्त्यावरच्या पोरक्या मुलांना गोळा करून आपले कार्य आरंभिले ते त्याच शहरात. मुलांना देवाकडे न्यावयाचे तर त्यांना खेळावयास मैदान हवे, हे त्या संतपुरुषाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते. त्याच शहराच्या एका फुटबॉल संघाची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. ती खेळाची आहे खरी. परंतु जे घरात खेळाचे नावही काढीत नाहीत त्यांनीही ती वाचावी, अशी आमची विनंती आहे.

इटलीत फुटबॉलच्या सर्वांत वरच्या श्रेणीस ‘सेरी आ’ असे म्हणतात. 1948–49 च्या मोसमात ह्या श्रेणीत वीस संघ होते. प्रत्येकाने इतर एकोणीस संघांशी एकदा आपल्या मैदानावर व एकदा त्यांच्या मैदानावर खेळावयाचे. म्हणजे एकूण अडतीस सामने झाले. त्या काळच्या नियमाप्रमाणे विजयास दोन गुण व बरोबरीस एक गुण मिळे. सप्टेंबरात आरंभ झालेला हा मोसम जूनमध्ये संपे, आणि ज्याचे गुण अधिक तो देशाचा विजेता ठरे. विजेत्यास पुढील वर्षभर आपल्या सदऱ्यावर राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांची छोटी ढाल लावण्याचा मान मिळतो. ही कापडाची ढाल केवढीशी! पण तिच्यासाठी वीस संघांची मने नऊ महिने टांगणीला लागलेली असतात.

गर्द तांबड्या सदऱ्यांचा संघ

तुरीन शहरात दोन मोठे संघ आहेत. एक युव्हेंतुस व दुसरा शहराचेच नाव धारण करणारा तोरिनो. डाळिंबाच्या दाण्यासारखा गर्द तांबडा हा तोरिनोच्या सदऱ्याचा रंग. 1939 साली फेर्रूच्यो नोवो हे गृहस्थ ह्या संघाचे अध्यक्ष झाले. चांगले खेळाडू हेरावे, त्यांना एकत्र आणावे व त्यांचे एक कुटुंब करावे, अशी त्यांची पद्धत होती. 1942 साली त्यांनी व्हेनिसच्या संघातून वालेंतीनो माझोला व एझियो लोइक ह्या दोघांस आणले. माझोला हा अद्दा नदीकाठच्या कास्सानो गावचा, गरीब घरचा मुलगा. मोटारींच्या कारखान्यात काम करीत करीत तो तेथील संघातून खेळू लागला होता. पुढे तोच तोरिनोचा कर्णधार झाला.

1942–43 चे विजेतेपद ह्या संघाने मिळविले. त्यानंतर महायुद्धामुळे नेहमीची स्पर्धा खंडित झाली. युद्ध संपल्यावर 1945–46, 1946–47 व 1947–48 अशी ओळीने तीन वर्षे पुन्हा तोरिनोच विजयी झाला. 1947–48 मध्ये तर चाळीस सामन्यांत ह्या संघाने 125 गोल केले. 11 मे 1947 रोजी तुरीन येथे इटलीचा राष्ट्रीय संघ हंगेरीविरुद्ध उतरला, तेव्हा अकरांपैकी दहा खेळाडू एकट्या तोरिनोचे होते. केवळ गोलरक्षक तेवढा युव्हेंतुसचा. एका शहरातील एका संघाने अवघ्या देशाचा भार असा खांद्यावर घ्यावा, हे फुटबॉलच्या इतिहासात क्वचितच घडले आहे.

युद्धाने इटलीची काय दशा झाली होती, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. तुरीनच्या कारखान्यांवर व घरांवर बाँब पडले होते. देश हरला होता, आणि त्याहूनही वाईट म्हणजे आपसांत लढून दुभंगला होता. अशा वेळी दर रविवारी फिलाडेल्फिया नामक आपल्या मैदानावर हे तरुण उतरत आणि पराभवाची सवय झालेल्या लोकांना जिंकणे म्हणजे काय ते दाखवीत. 1943 च्या जानेवारीनंतर ह्या मैदानावरील साखळी सामन्यांत सहा वर्षांहून अधिक काळ तोरिनोस कोणीही हरवू शकले नव्हते. सामना रेंगाळू लागला की, प्रेक्षकांतील बोल्मिदा नावाचा एक रेल्वे कर्मचारी आपला बिगुल फुंकीत असे. तो ऐकताच माझोला आपल्या सदऱ्याच्या बाह्या वर सारी, आणि मग पुढील पंधरा मिनिटांत प्रतिस्पर्ध्यांची दाणादाण उडे. ‘तांबडा पाव तास’ हे त्या पंधरा मिनिटांचे नाव तुरीनमध्ये आजही विसरलेले नाही.

संघाचे तांत्रिक संचालक एर्नो एर्बश्टाइन हे हंगेरीचे ज्यू गृहस्थ होते. 1938 साली इटलीत ज्यूंविरुद्ध वंशभेदाचे कायदे झाले, तेव्हा त्यांना तो देश सोडावा लागला. 1944 साली बुडापेस्ट येथे ते वेठबिगारांच्या छावणीत अडकले व तेथून निसटले म्हणून वाचले. युद्धानंतर नोवो ह्यांनी त्यांना सन्मानाने परत बोलाविले. त्यांच्या जोडीला इंग्लंडचे लेस्ली लीव्हस्ली हे प्रशिक्षक होते. थोड्याच वर्षांपूर्वी ज्यांचे देश एकमेकांवर तोफा डागीत होते अशी माणसे एका मैदानावर एकाच संघासाठी घाम गाळीत होती.

चार गुणांची आघाडी

1948–49 चा मोसम पूर्वीइतका सोपा गेला नाही. खेळाडू थकले होते, काही दुखापतींनी बेजार होते, आणि मिलान शहराचा इंटर हा संघ पाठलाग सोडीत नव्हता. इंटरचा आघाडीचा खेळाडू स्तेफानो न्येर्स ह्याने त्या मोसमात सर्वांत अधिक म्हणजे 26 गोल केले. तरीही तोरिनो सर्वांच्या पुढेच राहिला. 30 एप्रिल 1949 रोजी, शनिवारी, मिलान येथे तोरिनो व इंटर समोरासमोर आले. इंटरला विजय हवाच होता. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. चार सामने शिल्लक आणि तोरिनोची आघाडी चार गुणांची! विजेतेपद जवळजवळ हाती आले होते.

जवळजवळ म्हणतो ते जाणूनबुजून. चार सामन्यांत आठ गुण असतात. हिशेबाने अजून काहीही घडू शकत होते.

ह्या बरोबरीनंतर संघ पोर्तुगालला निघाला. त्याचे कारण असे : फेब्रुवारी महिन्यात जेनोवा येथे इटली व पोर्तुगाल ह्यांचा सामना झाला होता. त्या वेळी पोर्तुगालच्या फ्रान्सिस्को फेरेरा ह्या खेळाडूची माझोलाशी गाठ पडली. फेरेरा हा लिस्बनच्या बेनफिका संघाचा कर्णधार. गोव्यातील आमच्या वाचकांस ह्या संघाचे नाव सांगावयास नको. त्याच्या गौरवार्थ होणाऱ्या सामन्यास तोरिनोने यावे असे ठरले. मोसम ऐन रंगात असताना असा दूरचा प्रवास अध्यक्ष नोवो ह्यांना फारसा पसंत नव्हता. इंटरशी हार झाली नाही तरच जाऊ द्यावे, असे त्यांनी म्हटल्याचे सांगतात. हार झाली नाही, आणि शब्द पाळला गेला. 3 मे रोजी लिस्बन येथे सामना झाला. बेनफिकाने तो 4–3 असा जिंकला. मित्राच्या सन्मानार्थ खेळलेल्या ह्या सामन्यातील हार कोणी मनाला लावून घेतली नसेल.

4 मे

बुधवार, दिनांक 4 मे. सकाळी लिस्बनहून विमान निघाले. ते ‘फियाट जी 212’ जातीचे, तीन इंजिनांचे होते. दुपारी इंधन घेण्यासाठी ते बार्सेलोना येथे उतरले. तेथे योगायोगाने मिलान संघाचे खेळाडू भेटले; ते माद्रिदला चालले होते. दोन्ही संघांनी एकमेकांचा निरोप घेतला, आणि तीन वाजण्याच्या सुमारास तोरिनोचे विमान घराकडे उडाले.

तुरीनच्या पूर्वेस सुमारे 670 मीटर उंचीची एक टेकडी आहे. तिचे नाव सुपेर्गा. 1706 साली फ्रेंच सैन्याने तुरीनला वेढा दिला असता सव्हॉयचे अधिपती व्हित्तोरिओ आमेदेओ दुसरे ह्यांनी ह्या टेकडीवर नवस केला की, शहर वाचले तर येथे पवित्र मरियेच्या सन्मानार्थ मंदिर बांधीन. शहर वाचले. फिलिप्पो युव्हारा ह्या वास्तुशिल्पज्ञाने 1717 ते 1731 ह्या काळात तेथे भव्य बॅसिलिका उभारली. आकाश स्वच्छ असेल तेव्हा तिचा घुमट तुरीनच्या कित्येक रस्त्यांवरून दिसतो. शहराने संकटात जिच्याकडे पाहावे अशीच ती जागा.

त्या दिवशी सायंकाळी घुमट दिसत नव्हता. ढग जमिनीला टेकले होते, पाऊस झोडपीत होता व वारा जोराचा होता. पाच वाजून काही मिनिटे झाली असता विमान बॅसिलिकेच्या मागील तटाच्या भिंतीवर आदळले. वाऱ्याने ते मार्गावरून ढकलले गेले असावे, अथवा उंची दाखविणारे यंत्र बिघडले असावे, अशी अनुमाने पुढे अनेकांनी केली. विमानात एकतीस माणसे होती. त्यांपैकी एकही वाचले नाही.

अठरा खेळाडू. माझोला, लोइक, गाबेत्तो, मेंती, ओस्सोला, बाचिगालूपो, मारोझो, ग्रेझार, रिगामोंती, कास्तील्यानो. आल्दो व दीनो हे बाल्लारिन बंधू. आणि त्यांचे इतर सोबती. दोन्ही प्रशिक्षक, एर्बश्टाइन व लीव्हस्ली. संघाचे पदाधिकारी व अंगमर्दक. तीन पत्रकार, विमानाचे चार कर्मचारी. ज्या एर्बश्टाइन ह्यांना छळछावणीने मारले नाही, त्यांना घराच्या उंबरठ्यावर मृत्यू आला.

मृतदेह ओळखण्याचे काम व्हित्तोरिओ पोत्सो ह्यांच्या वाट्यास आले. 1934 व 1938 साली इटलीस जगज्जेतेपद मिळवून देणारे हे प्रशिक्षक त्या वेळी वृत्तपत्रांत लिहीत असत. ह्या मुलांपैकी बहुतेकांना त्यांनीच राष्ट्रीय संघात घेतले होते. ज्यांची नावे आपण संघाच्या यादीत लिहिली तीच नावे पावसात भिजत एकेका देहासमोर उच्चारावयाची, ह्याहून कठीण काम एखाद्या गुरूस पडले असेल काय?

जे गेले नाहीत

अशा प्रसंगी माणसाचे मन नकळत जे मागे राहिले त्यांच्याकडे वळते. सावरो तोमा हा बचावपटू गुडघ्याच्या दुखापतीमुळे घरी राहिला होता. त्या दुखापतीवर तो नक्कीच चिडला असेल. दुसरा गोलरक्षक रेनातो गांदोल्फी ह्याच्या ऐवजी तिसरा गोलरक्षक दीनो बाल्लारिन ह्याला नेण्यात आले. धाकट्या भावास हा प्रवास घडावा अशी आल्दोची इच्छा होती म्हणतात. अध्यक्ष नोवो आजारी असल्याने गेले नाहीत. आकाशवाणीवरून सामन्यांचे वर्णन करणारे इटलीचे प्रसिद्ध निवेदक निकोलो कारोझिओ हेही जावयाचे होते. परंतु त्यांच्या मुलाचा दृढीकरण संस्कार असल्याने ते घरीच राहिले.

ह्यावरून कोणी घाईने धडा काढू नये, असे आम्हांस वाटते. कारोझिओ वाचले ते संस्कारामुळे, असे म्हणावे, तर दीनो बाल्लारिन भावाच्या प्रेमामुळे गेला असेही म्हणावे लागेल. आणि बाकीच्यांच्या घरी काय प्रार्थना होत नव्हती? कोणी का वाचतो व कोणी का जातो, ह्याचा जमाखर्च मांडणे हे आपले काम नव्हे. तोमा ह्यास पुढे सत्तर वर्षांच्या आसपास आयुष्य लाभले. तो 2018 साली वारला. ह्या सर्व वर्षांत आपल्या सोबत्यांच्या आठवणी सांगणे हेच त्याने जणू आपले कर्तव्य मानले. वाचलेल्या माणसाने काय करावे, ह्याचे उत्तर त्याच्या ह्या वागण्यात आम्हांस सापडते.

6 मे रोजी अंत्ययात्रा निघाली. शवपेट्या शहराच्या मध्यभागी असलेल्या पालात्सो मादामा ह्या जुन्या प्रासादात ठेवण्यात आल्या होत्या. तेथून त्या कथीड्रलाकडे नेण्यात आल्या. पाच लाखांहून अधिक लोक रस्त्यांत उभे होते. सरकारच्या वतीने तरुण ज्युलिओ आंद्रेओत्ती उपस्थित होते. इटलीच्या फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष ओत्तोरिनो बारास्सी ह्यांनी सामन्यापूर्वी संघाची नावे पुकारावी तशी एकेका खेळाडूची नावे पुकारली. उत्तर अर्थातच आले नाही.

उरलेले चार सामने

आता आम्ही त्या भागाकडे येतो, ज्याच्यासाठी हा लेख लिहावयास घेतला.

मोसमाचे चार सामने शिल्लक होते. महासंघाने तोरिनोस विजेता म्हणून घोषित केले आणि त्याविरुद्ध कोणी ब्र काढला नाही. परंतु घोषणा झाली तरी सामने खेळावयाचे राहिलेच होते. सदरे घालणारे कोणी उरले नव्हते. तेव्हा तोरिनोने आपल्या कुमार संघातील मुले मैदानात उतरविली. कालपर्यंत जी मुले माझोलाचा खेळ पाहून शिकत होती, त्यांच्या अंगावर आता तेच गर्द तांबडे सदरे चढले.

त्या मुलांशी खेळावयास आलेल्या संघांनी काय केले ते पाहा. जेनोआ, पालेर्मो, सांपदोरिया व फियोरेंतिना, ह्या चौघांनीही आपले नामांकित खेळाडू घरी ठेवले व आपापली कुमार मुलेच पाठविली. मोठ्यांनी मुलांस चिरडून दोन गुण खिशात घालावे, हे त्यांच्या मनास पटले नाही. नियमाने त्यांना कोणी अडविले नसते; अडविले ते त्यांच्या शरमेने व सौजन्याने.

15 मे रोजी फिलाडेल्फियाच्या मैदानावर तोरिनोच्या मुलांनी जेनोआस 4–0 असे हरविले. पुढे पालेर्मोस 3–0, सांपदोरियास 3–2, आणि 12 जून रोजी फियोरेंतिनास 2–0. चारही सामने मुलांनी जिंकले.

शेवटच्या तक्त्यात तोरिनोचे गुण साठ झाले, इंटरचे पंचावन्न, मिलानचे पन्नास व युव्हेंतुसचे चव्वेचाळीस. तोरिनोने 25 सामने जिंकले, 10 बरोबरीत सोडविले व केवळ 3 गमावले. येथे थोडा हिशेब करू. साठातून मुलांनी मिळविलेले आठ गुण वजा केले तर उरतात बावन्न. इंटरचे पंचावन्न. म्हणजे थोरांनी मिळविलेली आघाडी कितीही मानाची असली, तरी तक्त्यावर ती शेवटपर्यंत टिकविली ती ह्या मुलांच्या आठ गुणांनी. विजेतेपद त्यांना दयेने दिले गेले होते. त्यांनी ते खेळून स्वतःचे करून घेतले. दुःखात असलेल्या माणसाला कोणी काही देऊ केले तर ते नाकारू नये हे खरे, परंतु जे दिले त्यास आपण पात्र आहो हे कष्टाने दाखविण्यात केवढा मान आहे!

मदतीचा हातही दुरून आला. अर्जेंटिनातील ब्युनोस आयरेस येथील रिव्हर प्लेट हा संघ महासागर ओलांडून तुरीनला आला व मृतांच्या कुटुंबीयांच्या साहाय्यार्थ 26 मे रोजी सामना खेळला. इटलीतील निरनिराळ्या संघांचे खेळाडू त्या दिवशी तोरिनोचे सदरे घालून त्यांच्याविरुद्ध उतरले. सामना 2–2 असा सुटला, आणि तो तसाच सुटावा अशीच बहुतेकांची इच्छा असावी.

नंतर

मुलांनी चार सामने जिंकले म्हणून घाव भरून आला, असे मात्र कोणी समजू नये. 1950 साली ब्राझीलमध्ये जागतिक स्पर्धा झाली. इटलीचा संघ विमानात बसण्यास धजला नाही. तो बोटीने गेला. स्वीडनकडून 3–2 असा पराभव होऊन गतवेळचा जगज्जेता देश पहिल्याच फेरीत परतला. तोरिनो संघ तर हळूहळू खचत गेला आणि 1958–59 मध्ये इतिहासात प्रथमच खालच्या श्रेणीत उतरला. पुढचे विजेतेपद त्यास मिळाले ते 1975–76 मध्ये, सत्तावीस वर्षांनी. त्या वेळी दुसरा क्रमांक युव्हेंतुसचा, दोन गुणांनी मागे.

माझोलाचा मुलगा सांद्रो ह्याचे वय दुर्घटनेच्या वेळी सहा वर्षांचे होते. मोठेपणी तो इंटरकडून खेळला. ज्या इंटरशी त्याच्या पित्याचा संघ अखेरपर्यंत झुंजला त्याच संघाकडून. 1964 साली युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदविरुद्ध त्याने दोन गोल केले व इंटर 3–1 असा विजयी झाला. बापाची तुलना मुलाच्या पाठीस आयुष्यभर लागते, हे खेड्यातील आपणांसही नवे नाही. सांद्रोने ती सोसली व आपले नाव आपल्या पायांनी मिळविले.

फिलाडेल्फियाचे जुने मैदान मोडकळीस आले, 1997 साली पाडण्यात आले आणि 2017 साली पुन्हा नव्याने बांधून उघडण्यात आले. आता तोरिनोचे खेळाडू तेथे सराव करतात. दरवर्षी 4 मे रोजी संघ सुपेर्गाच्या टेकडीवर चढतो. बॅसिलिकेत मृतांसाठी मिस्सा होते. नंतर त्या वर्षीचा कर्णधार, मग तो कोणत्याही देशाचा असो, भिंतीजवळील स्मृतिफलकासमोर उभा राहतो आणि एकतीस नावे मोठ्याने वाचतो. त्यांत खेळाडूंची नावे आहेत तशी वैमानिकाची, पत्रकारांची व अंगमर्दकाचीही आहेत. खाली तुरीनचे हजारो लोक ऐकत उभे असतात. त्यांतील बहुतेकांचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता.

आपल्याकडे नोव्हेंबरात कबरस्थानात मेणबत्त्या लावून आपण आपल्या मृतांची नावे घेतो, तेव्हा घराण्यातील ज्यांना कधी पाहिले नाही अशांचीही घेतोच. तुरीनचे लोक त्याहून वेगळे काही करीत नाहीत. आमच्या वाचकांतील जे तरुण सुटीच्या दिवशी चर्चच्या मैदानावर चेंडू घेऊन उतरतात, त्यांनी माझोलाचे नाव तर ध्यानात ठेवावेच. पण जेनोआ, पालेर्मो, सांपदोरिया आणि फियोरेंतिना ही चार नावेही ध्यानात ठेवावी. त्यांनी ते सामने गमावले, आणि त्यांचा मोसम त्यामुळे उणा झाला नाही.